थंड इंजिन पटकन कसं तापवायचं? पाण्याचा काटा सोडा, ऑइलचा काटा बघा

नमस्कार मंडळी, देवगडवरून बोलतोय. मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे, त्याला इलाज नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग चालू राहील, फक्त पंखा बंद होईल.

गेल्या महिनाभरात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे, दादा, विमानांच्या गेममध्ये मल्टिप्लेअरला थंड विमान मिळतं, डोक्यावर शत्रू फिरत असतो, इंजिन पटकन गरम कसं करायचं? म्हणून आज वेगळं करूया. डीसीएस या विमान चालवायच्या गेममध्ये पी-५१ मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान घेतलंय, हिवाळ्याचं मिशन, तापमान शून्य सेल्सिअस. इंजिन आत्ता तुमच्यासमोर चालू करतो आणि ते तापेपर्यंत बोलतो. काटे कोपऱ्यात मोठे करून दाखवलेत.

स्टार्ट तुम्हाला माहीत आहे, मी पळवतो. बॅटरी, फ्युएल, बूस्टर पंप, प्राइमर तीन-चार सेकंद, स्टार्टर, इंजिनाने पकडलं की मिक्स्चर रनवर. झालं. ज्यांना येत नाही त्यांनी विंडोज आणि होम बटण दाबून ऑटो स्टार्ट करा, त्यात कमीपणा काही नाही. पण ऑटो स्टार्ट इंजिन चालू करून देतं, ते तापायची वाट तुम्हालाच बघायची असते.

पहिल्या ३० सेकंदात ऑइल प्रेशर दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर बंद करा. आलं? आलं. आता आरपीएम १०००च्या आसपास, प्रेशर स्थिर झालं की १३००. लगेच २००० नाही.

आता मुद्दा. कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा काटा बघा, हलायला लागला पण. ऑइलचा काटा जागेवरच आहे. बहुतेक जणांचं इथेच चुकतं. कुलंट ६०ला गेलं की वाटतं तापलं इंजिन, आणि थेट फुल पॉवर, ६१ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब), ३००० आरपीएम. मस्टँगला कुलंट ६० पाहिजे आणि ऑइल ४० पाहिजे. दोन्ही पाहिजेत, आणि ऑइल नेहमी मागून येतं.

का मागून येतं, तर कुलंट सिलिंडरच्या अंगालगत फिरतं, जिथे पेट्रोल जळतंय तिथेच, त्यामुळे ते लगेच तापतं. ऑइलची टाकी वेगळी, इंजिनाच्या मागे, त्यात ४० लिटरच्या वर ऑइल असतं, ते सगळं फिरून फिरून गरम व्हायचं असतं. वेळ लागणारच ना.

आपल्या कोकणात हे डोळ्यांनी बघता येतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तर थेंब पडत नाही. आई ती बाटली पायरीवर उन्हात ठेवते, मग कडेकडेने तेल सुटायला लागतं आणि मधला गोळा तसाच पांढरा राहतो. इंजिनाचं ऑइल असं पांढरं गोठत नाही, पण शून्याखाली ते काकवीसारखं जड होतं. आणि बेअरिंगमधली फट किती, केसाएवढी. त्या फटीत ते जड ऑइल वेळेत पोचत नाही, आणि तुम्ही वरून फुल पॉवर मागताय.

मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, "दादा माझं ऑइल प्रेशर एकदम फुल दाखवत होतं, तरी इंजिन बसलं, गेममध्ये बग आहे." नाही रे, बग नाही. थंड ऑइलमध्ये प्रेशर जास्तच दिसतं. पंप ढकलतोय, ऑइल पुढे सरकत नाहीये, म्हणून दाब वाढतोय. आपण काटा वर बघून खूश होतो आणि तिकडे बेअरिंग कोरडं. ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर माझी कितीतरी विमानं वाचली असती, म्हणून मी ती प्रत्येक व्हिडिओत सांगतो आणि पुढेही सांगणार. प्रेशर गेज म्हणजे टेंपरेचर गेज नव्हे.

कुलंट ५५. ऑइल १५, चढतंय.

आता जे मला खरं कळलं ते बंदरावर कळलं. मामाचा ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, दोन महिने होडी उभी. एका वर्षी बंदी उठल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा मी आत मामाच्या बाजूला उकिडवा बसलेलो. डिझेलचा वास, काळा धूर, खाली पाणी साचलेलं. थोड्या वेळाने मी पाण्याच्या पाइपाला हात लावला, चटका बसला, म्हटलं मामा, तापलं, चला. मामाने माझा हात धरला आणि ऑइल फिल्टरवर ठेवला. गार. नुसतं कोमट पण नाही, गार. म्हणाला, "वायच थांब, आधी तेल गरम होवंदे, मगे पळव." त्याला गेज बघावं लागत नाही, तो तळहाताने बघतो. घरी आल्यावर मी मस्टँग घेऊन बसलो आणि पहिल्यांदा ऑइलच्या काट्याकडे नीट बघितलं. त्याआधी दोन वेळा माझं इंजिन टेकऑफनंतर तीन-चार मिनिटांत समुद्रावर बसलं होतं आणि मला कारण कळत नव्हतं.

बरं, मग पटकन कसं? पटकन म्हणजे वेळ वाया न घालवणं. ऑइलचा काटा हलायला लागला की आरपीएम १५००पर्यंत न्या आणि टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून रनवेकडे विमान चालवणं, सुरू करा. पार्किंगमध्ये उभं राहून काट्याकडे बघत बसू नका. हळू टॅक्सी, तोवर इंजिन तापतंय. वळायचं असेल तेव्हा स्टिक पुढे, म्हणजे टेलव्हील, शेपटीचं चाक, मोकळं होतं, सरळ जाताना स्टिक मागे, म्हणजे ते लॉक होतं. मॅग्नेटो, म्हणजे स्पार्क प्लगला करंट देणारे दोन जनरेटर, ते रनवेच्या टोकाला चेक करा. यात तुमची दोन-तीन मिनिटं सहज वाचतात.

रेडिएटरबद्दल खूप जण सांगतात की बंद करा. मस्टँगमध्ये कुलंट आणि ऑइल अशा दोन्ही रेडिएटरचे स्विच ऑटोवर असले आणि इंजिन थंड असलं की ते स्वतःच हवेचे फ्लॅप मिटवून ठेवतात. हाताने क्लोज करून काही मोठा फायदा नाही, आणि मग गडबडीत परत ऑटोवर टाकायचं राहतं, टेकऑफला कुलंट १२१च्या लाल रेषेपार, वाफ. ऑटोला हात लावू नका. आयएल-२ या दुसऱ्या गेममधल्या याक-१ या रशियन विमानाची गोष्ट वेगळी, तिथे पाण्याचे आणि ऑइलचे दोन्ही रेडिएटर आपल्या हातात असतात. तिथे सुरुवातीला दोन्ही बंद करा, पण रनवेवर लागण्याआधी उघडा. मी थ्रॉटलवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे, "रेडिएटर", एवढंच लिहिलंय.

पी-४७ विमान घेणारे, तुम्ही काउल फ्लॅप, म्हणजे इंजिनाभोवतीच्या हवेच्या झडपा, बंद करू नका. ते इंजिन १८ सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. फ्लॅप मिटले की काही भाग भाजतो आणि काही थंडच राहतो. जमिनीवर फ्लॅप उघडे.

स्पिटफायरला उलटी अडचण आहे. तिथे ऑइल १५ आणि कुलंट ४० झालं की पुरे, आणि जमिनीवर फार वेळ उभं राहिलात तर कुलंट उकळतं. त्याच्यात रेंगाळू नका. एका ताईंनी विचारलेलं की माझं स्पिटफायर रनवेवर रांगेत असतानाच का बंद पडतं, ताई, हेच कारण.

आणि एकाने विचारलंय की हे सगळं खऱ्यात कोण करायचं. करायचे की. महायुद्धात रशियाच्या हिवाळ्यात सोव्हिएत मेकॅनिक रात्री इंजिनातलं ऑइल काढून घ्यायचे, सकाळी तापवून परत ओतायचे. जर्मन लोक ऑइलमध्ये पेट्रोल मिसळायचे, ऑइल पातळ व्हायचं, इंजिन गरम झाल्यावर पेट्रोल उडून जायचं. तुमच्या मस्टँगमध्येही ऑइल डायल्यूशनचा, म्हणजे ऑइल पातळ करायचा स्विच त्याच कामासाठी आहे, स्टार्टर आणि प्राइमरच्या शेजारी बघा.

जॉयस्टिकबद्दल विचारणाऱ्यांनी थोडं थांबा. खाऱ्या हवेने माझा थ्रॉटल मधेच उड्या मारतो, त्याची सफाई कशी करायची तो व्हिडिओ वेगळा करतो.

ऑइल ३६. बोलता बोलता रनवेच्या टोकाला आलो. कुलंट ९०, मॅग्नेटो दोन्ही बघितले, ठीक आहेत. ३८. थांबा, घाई नाही. ३९. प्रेशरचा काटा बघा, मघाशी वर चिकटलेला, आता खाली येऊन बसलाय, म्हणजे ऑइल फिरतंय.

४०. रेडिएटरचे दोन्ही स्विच ऑटोवरच. स्टिक मागे, थ्रॉटल हळूहळू पुढे. चला.