सड्यावर रेडिओ गप्प असतो तेव्हा

मंडळी, मागच्या बाकांवर बोटवाले बरेच दिसतायत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करतो. तुमच्या बोटीवर व्हीएचएफ सेट असतो, चॅनेल १६ लावलेला असतो, आणि खाडीत शिरून डोंगराच्या आड गेलात की बाहेरच्या बोटीचा आवाज येईनासा होतो, बरोबर? सेट बिघडलेला नसतो, मध्ये डोंगर असतो. विमानाचा रेडिओपण व्हीएचएफच, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, आणि त्यालाही मधली वाट मोकळी लागते. मी एटीसीत, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या नियंत्रण कक्षात, इतकी वर्षं काढली, आणि खासगी धावपट्टीवरून उडणाऱ्यांना सगळ्यात जास्त वेळा हेच समजावून सांगितलंय.

आपल्याकडे धावपट्टी म्हटली की सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, आलाच. रत्नागिरीचा विमानतळ सड्यावर, सिंधुदुर्गातल्या चिपीचा पण सड्यावर, एवढी सपाट जागा कोकणात दुसरीकडे मिळणार कुठे. आता समजा कोणाची स्वतःची छोटी पट्टी आहे, टॉवर नाही, वारा दाखवणारा एक विंडसॉक आणि एक वॉचमन एवढाच कारभार. पायलट इंजिन चालू करतो आणि तिथूनच मुंबईला हाका मारायला लागतो. मुंबई कुठे, मध्ये डोंगर किती, पृथ्वीचा गोलावा तो वेगळाच. हिशोब अगदी सोपा आहे, फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा, साधारण तेवढे सागरी मैल रेडिओ पोचतो. १०० फुटांवर १२ मैल, १००० फुटांवर ३९, ४००० फुटांवर ७८. समोरचा अँटेना उंच जागी असेल तर आणखी थोडे. म्हणजे जमिनीवरून उत्तर येणं कठीणच, हे आधीच कळायला हवं. आणि माणूस घसरतो तो नेमका इथेच, कोणी काही बोललं नाही ना, मग चला! अहो, नको म्हटलं नाही म्हणजे हो म्हटलं असं होत नाही, तुमची हाक तिथे पोचलेलीच नाहीये.

म्हणून खरं बोलणं इंजिन चालू करायच्या आधी, फोनवर. फ्लाइट प्लॅन द्यायचा, मग एडीसी नंबर घ्यायचा, म्हणजे हवाई संरक्षणाची मंजुरी, आणि एफआयसी, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा, नंबर घ्यायचा. दोन्ही नंबर पेनाने लिहून गुडघ्याला बांधलेल्या पॅडवर ठेवायचे, मोबाईलमध्ये नाही, मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो. किनारपट्टीवर रडारला एक ठिपका दिसला आणि त्याचा नंबर कोणाकडेच नाही, तर तिकडे बसलेल्या माणसाने काय समजायचं, तुम्हीच सांगा.

टॉवर नसला तरी पट्टीवर बोलायचं असतंच, आजूबाजूच्या विमानांसाठी. आपण कोण, कुठली रनवे, कुठल्या दिशेला वळणार. रनवे २७ म्हणजे तोंड समुद्राकडे, पश्चिमेला. आणि आधी ऐकायचं, मग बटण दाबायचं. विमानाचा रेडिओ एएम असतो, तुमचा बोटीवरचा एफएम. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला गिळून टाकतो, पण एएमवर कर्कश शिट्टी ऐकू येते, म्हणजे निदान कळतं तरी की आणखी कोणीतरी बोलत होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

वर गेलात, उत्तर आलं, की कंट्रोलर क्यूएनएच सांगेल, म्हणजे उंचीमापकात लावायचा हवेचा दाब. तो आकडा त्यालाच परत म्हणून दाखवायचा. नुसतं "रॉजर", म्हणजे ऐकलं, एवढंच म्हणणारे पायलट मी खूप ऐकलेत, आणि दर वेळी पोटात गोळा आलाय. एका हेक्टोपास्कलचा, म्हणजे दाबाच्या एका आकड्याचा, फरक म्हणजे साधारण ३० फूट, १००८ च्या जागी १०१८ ऐकलंत तर तुम्ही समजताय त्यापेक्षा ३०० फूट खाली आहात, आणि एका बाजूला सह्याद्री उभा. दक्षिणेला जाणार असाल तर पुढे गोव्याचे विमानतळ, मोपा आहे, दाबोळी आहे, दाबोळी तर नौदलाचा तळ, तिथे कोणाशी कधी बोलायचं ते घरूनच काढून ठेवा. आणि कोणीच उत्तर देत नसेल तर वरून जाणाऱ्या मोठ्या विमानाला निरोप पोचवायला सांगा, ते ३५,००० फुटांवर असतं, त्याचा आवाज २०० मैलांच्या पुढे जातो, आणि ते लोक आनंदाने करतात.

शेवटचं, उतरल्यावर आम्हाला फोन करायचा. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर एक छोटं विमान अशाच पट्टीवर उतरायचं होतं. वेळ टळून गेली, फोन नाही. ३० मिनिटं झाली की नियमाने ती अनिश्चितता धरायची असते, मग शोधाशोध. आम्ही पायलटचा मोबाईल लावतोय, लागत नाही, आसपासच्या विमानांना विचारतोय, बाहेर ढग काळे होत चाललेत, आणि माझ्या बाजूचा पोरगा नवीन होता, त्याचा पेन धरलेला हात थरथरत होता. ५० मिनिटांनी फोन आला. "उतरलो कधीच, इथे रेंज नव्हती."

मी रागावलो नाही, म्हटलं, तुमचा वॉचमन घरी फोन कुठून करतो? तर म्हणे, सड्याच्या कडेला आंबा आहे, त्याच्या खाली रेंज येते. मग उतरल्याबरोबर आधी त्या आंब्याखाली जायचं, विमान नंतर बांधा, आणि वॉचमनचा नंबर फ्लाइट प्लॅन देताना आम्हाला लिहून द्या. पुढच्या खेपेला त्यांनी दिला, आणि उतरल्यावर चौथ्या मिनिटाला वॉचमननेच फोन केला.