लघवीचे शेवटचे थेंब लाल

श्रोतेहो, नमस्कार. मुलाची लघवी लालसर दिसली की घरात पहिलं वाक्य येतं, “उन्हाळी लागली असेल.” मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा. जळजळीपुरतं ठीक आहे. पण रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. पुन्हा सांगते, त्याच दिवशी.

एकदा मे महिन्यात ठाण्याच्या नौपाड्यातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा नऊ वर्षांचा, वडील नोकरीनिमित्त आफ्रिकेतल्या मलावी देशात, सगळं कुटुंब तिकडेच. लघवी आधी पिवळी, शेवटचे थेंब लाल. अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू नव्हते. मी विचारलं, “पोहतोस का रे?” “हो, तळ्यात! रोज!” आजी म्हणाल्या, “अहो, समुद्राएवढं तळं आहे ते. पाणी अगदी नितळ.”

त्या नितळ पाण्यातच गोगलगायी असतात. त्यांच्यातून सुटलेल्या अळ्या कातडीतून आत शिरतात. पाणी प्यावं लागत नाही, पाय बुडाले तरी पुरे. पुढे त्यांचे कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहून अंडी घालतात. अंडी मूत्राशयाची भिंत भेदून बाहेर पडतात, म्हणून रक्त. या आजाराचं नाव शिस्टोसोमियासिस.

मी म्हटलं, “सकाळची लघवी नको, दुपारी बाराची आणा. त्याआधी त्याला जिने चढा-उतरायला लावा.” आजी बघतच राहिल्या. पण अंडी जास्त सापडतात ती सकाळी दहा ते दुपारी दोनमध्येच. सूक्ष्मदर्शकाखाली एका टोकाला काटा असलेलं अंडं स्पष्ट दिसलं!

औषध प्राझिक्वांटेल, किलोमागे ४० मिलिग्रॅम. मुलगा ३० किलोचा, म्हणून ६०० च्या दोन गोळ्या, भरल्या पोटी. गोळी कडूजहर. कोवळे कृमी तिने मरत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी लघवी पुन्हा तपासून दुसरा डोस दिला. हे औषध मनाने घ्यायचं नाही, डॉक्टरांनीच द्यायचं.

आपल्या ठाण्याच्या तलावपाळीला घाबरू नका, आपल्याकडे हा आजार रुजलेला नाही. १९५२ साली मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याची नोंद झाली होती. आपल्या मुलांना त्रास होतो तो साध्या इन्फेक्शनचा. शाळेतली स्वच्छतागृहं घाण, म्हणून मुली दिवसभर लघवी धरून बसतात. पालकसभेत मार्कांआधी हा विषय काढा, कळकळीने सांगते.

हं, तर आजींना मी विचारलं, “तळ्यात आणखी कोण उतरतं?” धाकटी बहीण. तिची लघवी दिसायला स्वच्छ होती, पण तपासली तर तिच्यातही अंडी. तिलाही वजनाप्रमाणे डोस दिला, आणि आई-वडिलांना तिकडेच तपासून घ्यायला कळवलं.