मनोरुग्णालयातली तक्रार : वळ, केसपेपर आणि पोच

श्रोतेहो, नमस्कार.

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथे किंवा कुठल्याही सरकारी मनोरुग्णालयात तुमच्या घरातलं कुणी दाखल असेल आणि भेटीच्या वेळी दबक्या आवाजात म्हणालं, "मला रात्री बांधून ठेवतात," तर काय करायचं, ते आज सांगायचं आहे.

बहुतेक तक्रारी तिथल्या तिथे विरतात. "आजारामुळे त्यांना तसं वाटतं," असं उत्तर मिळतं आणि नातेवाईक गप्प होतात. पण भास होणाऱ्या माणसालाही मार बसतो, भूक लागते. तेव्हा खरं-खोटं करत वाद घालू नका, जे तपासता येईल ते तपासा. आधी मनगटं आणि घोटे बघा. बांधल्याचा वळ हाताभोवती फिरलेला असतो. पडल्यावर खरचटतं ते बहुधा गुडघ्याला, कोपराला. बोटांच्या बेचक्यांत खरूज आहे का, डोक्यात उवा आहेत का, कपडे सैल झालेत का, हेही पाहा. मोबाईल आत नेऊ दिला नाही, तर बाहेर येताच वळाची जागा, रंग, लांबी, तारीख आणि वेळ वहीत लिहा. काही दिवसांनी निळा डाग पिवळट होतो आणि मग कुणी मानत नाही.

लाळ गळणं, हात थरथरणं, अंग ताठरणं हे हॅलोपेरिडॉलसारख्या, मानसिक आजारावरच्या औषधांमुळेही होतं. त्यावरून कुणावर आरोप करू नका, पण डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा आणि मात्रा कधी वाढवली, कशासाठी वाढवली, ते विचारा. केवळ वॉर्ड शांत राहावा म्हणून वाढवली असेल, तर तेही बांधून ठेवणंच आहे.

आता कागदाकडे वळू. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चा, तो 29 मे 2018 पासून लागू आहे. साखळदंड कोणत्याही स्वरूपात घालायला कलम 95 ची मनाई आहे. कलम 97 प्रमाणे एकांत कोठडीत ठेवता येत नाही. बांधायचं, तर तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, आणि गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कशाने बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं, हे केसपेपरवर लिहावं लागतं. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाला, 24 तासांत कळवावं लागतं. अशा सगळ्या घटनांचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे रुग्णांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या मंडळाकडे, जायला हवा. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. कर्मचारी कमी आहेत हे कारण तर कायद्याने नाव घेऊन नाकारलं आहे, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या वॉर्डात रात्री एखाद-दुसराच कक्षसेवक असतो, तेव्हा दोरी हाताशी येते. त्या कक्षसेवकाचे हालही खरे आहेत, पण त्यांची किंमत रुग्णाने का मोजावी?

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : बांधल्याची नोंद कुठे आहे? वळ आहे आणि नोंद नाही, तर तुमच्या तक्रारीचा कणा तयार झाला. शॉक दिला असेल, तर भूलतज्ज्ञांची नोंद मागा. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं बेकायदेशीर आहे. आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क कलम 25 ने रुग्णालाच दिला आहे, त्यामुळे अर्जावर शक्यतो रुग्णाची सही घ्या.

मारहाणीइतकीच बोचणारी पण कुणी न लिहिणारी दुखणीही आहेत. सक्तीने डोकं भादरणं, स्वतःचे कपडे असूनही गणवेश लादणं, बायकांना पाळीच्या वेळी पॅड न देणं, झाडलोट करून घेऊन मोबदला न देणं : हे सगळं कलम 20 च्या विरोधात आहे.

तक्रार साध्या कागदावर चालते. आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल, तर पुढे कुणी दाद देत नाही. वॉर्डात सीसीटीव्ही असेल, तर त्या तारखेचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा, कारण जुन्यावर नवं चित्रण चढत जातं. समाधान झालं नाही, तर पुनर्विलोकन मंडळाकडे जा. तिथे शुल्क नाही. मंडळाने 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो. कलम 89 खाली आधाराने झालेल्या, म्हणजे रुग्णाऐवजी प्रतिनिधीच्या अर्जावर झालेल्या, भरतीलाच आव्हान दिलं असेल, तर 7 दिवसांत. त्यापुढे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आहे. वकील परवडत नसेल, तर विधी सेवेचा क्रमांक 15100.

मार लागलेला असेल, तर मंडळाची वाट पाहू नका. दुसऱ्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा आणि पोलिसांत जा. ताब्यातल्या अपंग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 92 खाली गुन्हा आहे. मानसिक आजारामुळे आलेलं अपंगत्व या कायद्यात येतं.

शेवटी, बरं होऊनही आत राहिलेल्यांबद्दल. जानेवारी 2023 मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशातल्या 46 सरकारी संस्थांची स्थिती अमानवी म्हटली. बरे झालेले रुग्ण बेकायदा ठेवले जातात, हा त्यातला मोठा आक्षेप होता. त्याआधी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला असे रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणं थांबवायला सांगितलं होतं. घरच्यांनी नाकारलं किंवा घरच नाही, एवढ्यासाठी कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं कलम 19 सांगतं. तुमचा माणूस बरा झाला असेल आणि डिस्चार्ज अडला असेल, तर कारण लेखी मागा. भरतीच्या वेळी दिलेला पत्ता किंवा फोन बदलला असेल, तर तो आजच रुग्णालयाला कळवा. पत्ता सापडला नाही म्हणून आत अडकलेली माणसं अजूनही आहेत.

नमस्कार.