मुलग्यांची कॅथलिक शाळा आपल्या मुलाला मानवेल का?

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाला खासगी कॅथलिक शाळेत, आणि तीही फक्त मुलग्यांच्या शाळेत घालावं का, हा विषय घरात निघाला की बोलणं लगेच शिस्तीवर येतं. ‘तिथे शिस्त कडक असते’ म्हणून एकाला ती शाळा हवी असते, तर नेमकं तेच कारण देऊन दुसरा नको म्हणतो. मला वाटतं, या वादात मुलगा बाजूलाच राहतो. हुशार, खेळात चमकणारा, चार मित्र सहज जोडणारा मुलगा बहुतेक शाळांमध्ये निभावून नेतो. शाळेची परीक्षा होते ती संघात निवड न झालेल्या, एखाद्या विषयात अडकलेल्या, डबा खायला एकटाच बसणाऱ्या मुलापाशी. असा मुलगा तिथे कसा जगतो, हे आधी शोधा. आपला मुलगाही कधी ना कधी त्या जागी असणारच आहे.

कॅथलिक शाळा म्हटली की सगळ्या एकाच साच्यातल्या, असं नसतं. काही शाळा धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या अधिकाराखाली चालतात. काही धर्मसंघांनी, म्हणजे व्रत घेतलेल्या फादर-ब्रदरांच्या संघांनी, काढलेल्या असतात, आणि प्रत्येक संघाची रीत निराळी. जेझुइट या धर्मसंघानं १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात विद्यालय उघडलं आणि १५९९ मध्ये आपल्या सगळ्या विद्यालयांसाठी अभ्यासाची एकच आखणी ठरवून दिली. वाचन, वक्तृत्व, युक्तिवाद यांवरचा भर तिथून आला. फ्रान्समधल्या ला साल यांनी १६८० च्या सुमारास रँस शहरात शिक्षकांचा समुदाय उभा केला. हे ‘ब्रदर’ धर्मगुरू नव्हते, शिकवणं हेच त्यांचं व्रत होतं. गरिबांच्या मुलांना ते लॅटिनऐवजी त्यांच्याच फ्रेंच भाषेत वाचायला शिकवत. आयर्लंडमध्ये एडमंड राइस यांनी १८०२ मध्ये वॉटरफर्डला असंच काम सुरू केलं.

डॉन बॉस्को या धर्मगुरूंबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. इटलीतल्या तुरिन शहरात रस्त्यावरच्या, कामाच्या शोधात आलेल्या मुलांमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. १८७७ मध्ये त्यांनी आपली पद्धत लिहून ठेवली. चूक होण्याची वाट पाहायची आणि मग शिक्षा करायची, ही रीत त्यांना मान्य नव्हती. मोठ्यांनी मुलांमध्ये वावरावं, खेळावं, म्हणजे चूक घडण्याआधीच हात पुढे करता येतो, असं ते सांगत. विवेक, धर्म आणि माया या तीन गोष्टींवर ही पद्धत उभी आहे. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा मधल्या सुट्टीत जा. शिक्षक कुठे आहेत ते पाहा. मुलं त्यांच्याशी आपणहून बोलतात, की ते दिसताच गप्प होतात?

आज यांतल्या बऱ्याच शाळांमध्ये फादर किंवा ब्रदर मोजकेच उरले आहेत आणि शिकवणारे बहुतेक सामान्य संसारी लोक आहेत. त्यामुळे भिंतीवरचं संस्थापकांचं चित्र पाहून निष्कर्ष काढू नका. प्रिन्सिपलना थेट विचारा, ‘तुमच्या संस्थापकांची शिकवण शाळेच्या रोजच्या दिवसात कुठे दिसते?’ विचार झालेला असेल तर एखादा प्रसंग सांगतील. नसेल तर माहितीपत्रकातलीच वाक्यं ऐकायला मिळतील.

धर्माचा प्रश्न संकोच न करता विचारावा, मग तुम्ही कॅथलिक असा वा नसा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६५ मध्ये शिक्षणाविषयी घोषणापत्र काढलं. त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असं म्हटलं आहे. त्याच वर्षीच्या धर्मस्वातंत्र्यावरच्या घोषणापत्रात, कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडू नये, असं आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाला चर्चच्या शिकवणीतच आधार आहे. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, बसणं सगळ्यांना सक्तीचं आहे का? धर्मशिक्षणाला गुण असतात का, आणि इतर धर्मांबद्दल तिथे काय शिकवतात? ‘मला हे पटत नाही’ असं वर्गात म्हणणाऱ्या मुलाला काय उत्तर मिळतं? श्रद्धा घट्ट असलेली शाळा अशा मुलाशी शांतपणे बोलू शकते. आणि तुम्ही श्रद्धाळू असाल, मुलानं श्रद्धेत वाढावं असं तुम्हाला वाटत असेल, तर प्रार्थना तिथे निव्वळ वेळापत्रकापुरती उरली आहे का, हेही पाहायला हवं.

आता फक्त मुलगे असण्याबद्दल. मुलग्यांना वेगळं शिकवलं की अभ्यास सुधारतो, असं ठासून सांगितलं जातं. २०१४ मध्ये २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या माहितीचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या काटेकोर अभ्यासांमध्ये वेगळ्या शाळेचा फायदा जवळजवळ दिसलाच नाही. निकालातला फरक बऱ्याचदा मुलं निवडून घेतल्यानं पडतो. तेव्हा गुणांच्या आशेनं अशी शाळा निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनुभवाचं मात्र वेगळं आहे. मुलग्यांच्या शाळेत समूहगायनात सगळे आवाज मुलग्यांचेच, चित्रकलेच्या वर्गातही तेच. हळव्या मुलाला याचा आधार वाटू शकतो. पण जिथे मैदानावरची ताकद हीच प्रतिष्ठा आहे, तिथे त्याच हळव्या मुलाचा रोज कोंडमारा होतो. सकाळच्या प्रार्थनासभेत टाळ्या कुणासाठी वाजतात, त्यावरून पुष्कळ कळतं. स्त्रियांबद्दल मुलगे आपसात कसं बोलतात आणि ते कानावर आलं की शिक्षक काय करतात, हेही विचारा.

खासगी शाळेच्या फीबद्दल एवढंच सांगतो, की गणवेश, सहली आणि देणग्या धरून वर्षाचा आकडा लेखी मागा, आणि मध्येच घरची मिळकत थांबली तर शाळा काय करते ते विचारा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मागे पडलेल्या मुलांना मोठ्या परीक्षेआधी ‘दुसरी शाळा पाहा’ असं सुचवलं जातं का? १९७३ मध्ये जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात माजी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, की आपल्या शिक्षणाचं ध्येय इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हे आहे. निकाल राखण्यासाठी मुलं गाळणाऱ्या शाळेला हे ध्येय सांगता येणार नाही.

एक विषय कुणीही टाळू नये. कॅथलिक संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांची आयर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात सरकारी आयोगांनी चौकशी केली. त्यांचे अहवाल २००९ आणि २०१७ मध्ये आले, आणि तक्रारी कशा दाबल्या गेल्या तेही त्यांत नोंदलं आहे. म्हणून विचारा, बालसुरक्षेची जबाबदारी नेमकी कुणावर आहे? तक्रार आली तर पोलिसांना कोण कळवतं? मुलाला शाळेबाहेरच्या कुणाकडे दाद मागता येते का? या प्रश्नांनी प्रिन्सिपलचा चेहरा बदलला, तर प्रवेश अर्ज घरी परत आणा.

शेवटी मुलाशी बोला, आणि शाळा पाहून आल्यावर बोला, आधी नको. ‘आवडली का?’ असं विचारलं की मुलगा तुमचा चेहरा पाहून उत्तर देतो. ‘मधल्या सुट्टीत तू कुठे उभा राहशील?’ असं विचारा. ‘अडचण आली तर तिथल्या कुणाला सांगशील?’ हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसेल, तर त्याला घेऊन पुन्हा एकदा शाळेत जा आणि वर्गशिक्षकांशी त्याची स्वतंत्र भेट मागा.

नमस्कार.