कोलार्डची जुडी आणि गरम कोंबडी

(दृश्य: ईस्टर्न मार्केट, डेट्रॉइट, अमेरिका. शनिवार सकाळ.)

गर्दी सगळ्यात जास्त आहे ती कोलार्डच्या जुड्यांपाशी. ही कोबीची बहीण, पण गड्डा न धरणारी. पानं रुंद, जाड, गडद हिरवी. घेणारी मंडळी बहुतेक कृष्णवर्णीय, आणि एका जुडीवर कुणाचंच भागत नाही. शिजली की ही भाजी बसते. टोपलीभर पानांची पातेलंभरसुद्धा उरत नाही. घरी नेऊन देठ काढायचे, तीन-तीन पाण्यांतून माती घालवायची आणि धुरावलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर तासभर तरी रटरटू द्यायची.

विसाव्या शतकात दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत गेले. डेट्रॉइटला त्यांना मोटारींच्या कारखान्यांनी ओढलं. येताना जिभेची सवय बरोबर आली: कोलार्ड, रताळी, भेंडी, चवळी. चवळीचं मूळ आफ्रिकेतलं. आपल्याकडेही ती फार पूर्वी तिथूनच आली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी इथे चवळी-भात आणि कोलार्ड हवंच. चवळी म्हणजे नाणी, पानं म्हणजे नोटा!

(दृश्य: बंद पडलेल्या सुपरमार्केटची पाटी.)

हे झालं शनिवारचं. आठवड्याच्या मधल्या दिवसांचं काय? २००७ मध्ये ‘फार्मर जॅक’ ही दुकानांची साखळी संपली. मोठ्या कंपन्यांनी शहराकडे पाठच फिरवली होती. होल फूड्स आणि मायर या मोठ्या सुपरमार्केट-साखळ्या आल्या त्या थेट २०१३ मध्ये. मधल्या काळात आधार होता स्वतंत्र दुकानांचा. त्यांतली बरीचशी इराकहून आलेल्या कॅल्डियन, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती, कुटुंबांची. गाडी नसेल तर कोपऱ्यावर जे मिळेल ते घ्यायचं. यावरून ‘या कृष्णवर्णीयांना तळलेलंच आवडतं’ असं म्हणणं म्हणजे शुद्ध आळस.

(दृश्य: काउंटरवर फिरणाऱ्या भाजलेल्या कोंबड्या.)

त्यात सरकारी अन्नमदतीचं कार्ड. डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यात त्याला ब्रिज कार्ड म्हणतात. भाजलेली कोंबडी गरम असेल, तर दुकानात ती या कार्डावर घेता येत नाही. तीच थंड करून फ्रीजमध्ये ठेवली की चालते. हा नियम करणारा माणूस कामाची पाळी संपवून उपाशी घरी कधी आला नसावा.

ताज्या भाजीची बाजू थोडी बरी. २००९ मध्ये डेट्रॉइटच्या शेतकरी बाजारांत ‘डबल अप फूड बक्स’ सुरू झालं: कार्डावर एक डॉलर खर्च केला, की भाजी-फळांसाठी आणखी एक डॉलर मिळतो.

(दृश्य: वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. नवी इमारत.)

मे २०२४ मध्ये इथे डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप हे सहकारी किराणा दुकान उघडलं. इथले कार्यकर्ते मलिक याकिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं त्याचा पाठपुरावा केला होता. पुढाकार कृष्णवर्णीयांचा, मालकी सभासदांची. खरेदी मात्र कुणीही करावी. आत ताजी भाजी आहे, तयार पदार्थही आहेत. कोंबडीचा तो नियम मात्र वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा आहे. दुकान कुणाच्याही मालकीचं असो, तो लागू होतोच.