टाकी भरलेली, इंजिन उपाशी

(दृश्य: निफाडच्या द्राक्षबागा, पहाट, बागेतल्या शेकोट्या)

निफाडकडे पारा उतरला की बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. अशा रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या छोट्या विमानाची अर्धी रिकामी टाकीही गारठते. आत दव धरतं, थेंब ओघळतात आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतात. झाकणाचं रबर तडकलेलं असेल, तर पावसाळ्यात याहून कितीतरी जास्त पाणी आत शिरतं.

(दृश्य: पंखाखाली धरलेला पारदर्शक कप)

म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक ड्रेनमधून, म्हणजे टाकीच्या तळाच्या छोट्या तोटीतून, थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं. १००एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, निळसर दिसतं. तळाशी थेंब दिसला, तर स्वच्छ येईपर्यंत काढत राहायचं. फसगत होते ती सगळा कपच पाण्याने भरल्यावर. दोन थर दिसत नाहीत, म्हणून ठीक वाटतं. तिथे रंगच खरं सांगतो.

(दृश्य: टाकीत डिपस्टिक, म्हणजे मोजपट्टी)

सेसना १७२एन या चार आसनी विमानाच्या साध्या टाक्यांत मिळून १६३ लिटर मावतं, वापरता येतं १५१. पॅनेलवरच्या काट्यावर भिस्त ठेवू नये. डिपस्टिकने मोजावं आणि हवेत घड्याळ बघावं. ताशी ३० लिटर धरलं तर पाच तास, पण तेही मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, नीट लीन (पेट्रोल कमी) केलं तर. उतरताना दिवसा किमान ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं पेट्रोल उरायला हवं. तासाभराचं राखणारा वैमानिक भित्रा नव्हे, हिशेबी.

पेट्रोल असूनही इंजिन उपाशी राहतं, ते जास्त चटका लावणारं. कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणारा सिलेक्टर एकाच टाकीवर राहिलेला असतो. कधी कुंभारीण माशीने व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या, नळीत मातीचं घर केलेलं असतं; टाकीत हवा येत नाही, मग पेट्रोलही उतरत नाही.

(दृश्य: आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा हळूहळू खाली)

हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तापमान वीस अंशांहून अधिक घसरू शकतं. बाहेर १५ अंश आणि हवा दमट असेल, तरी आत बर्फ धरतो. थ्रॉटलला हात न लावता आरपीएम उतरला, की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ, पूर्ण ओढायची. बर्फ वितळताना इंजिन आणखी खोकतं. घाबरून मूठ परत आत ढकलली, की डाव गेला.

(दृश्य: आकाशातून नाशिकची शेतं)

इंजिन थांबलंच, तर आधी वेग ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किमी). मग शेत निवडायचं. त्यानंतर कार्ब हीट, सिलेक्टर 'बोथ'वर (दोन्ही टाक्या), मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इग्निशन 'बोथ'वर. इथली जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारा अल्टिमीटर ३००० दाखवत असला, तरी खाली हजारच उरतात. तेवढ्यात विमान, वारा नसेल तर, पावणेतीन किलोमीटर तरंगेल. उड्डाण घेताच इंजिन गेलं, तर धावपट्टीकडे वळायचा मोह टाळून समोरच उतरावं.

द्राक्षबाग वरून मऊ दिसते. आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. कांदा काढलेलं मोकळं वावर बरं. विहिरीच्या पंपाची वीजतार दिसत नाही, खांब दिसतात. दोन खांबांमध्ये तार आहे असंच धरायचं. वाऱ्याची दिशा धुरावरून घ्यायची.

इंजिन पुन्हा धरत नाही असं दिसलं, की रेडिओवर 'मेडे' हा संकटाचा संदेश देऊन मिक्श्चर, सिलेक्टर, इग्निशन बंद. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) विजेवर चालतात, म्हणून मुख्य वीज तोडणारा मास्टर स्विच फ्लॅप खाली केल्यावरच बंद. टेकण्याआधी दाराची कडी काढून ठेवायची. सांगाडा वाकला, की दार उघडत नाही.