वाचकाची पुष्पिका

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय 'नुकतीच वाचून संपवलेली पुस्तकं' असा छापला आहे. 'माझा प्रवास', 'स्मृतिचित्रे' आणि 'ऋतुचक्र' ही ती तीन पुस्तकं. त्यांच्याकडे येतोच. पण आधी एक प्रश्न सोडवून घेऊ. आपण "पुस्तक वाचून झालं" म्हणतो, तेव्हा नेमकं कोणतं पुस्तक वाचून झालेलं असतं?

ज्ञानेश्वरीचा शेवट इथल्या अनेकांना पाठ असेल. 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें, सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला.' साल आलं, कर्ता आला आणि ज्यानं हातानं उतरवून घेतलं त्याचंही नाव आलं. पुढे २९४ वर्षांनी एकनाथांनी तीच पोथी शुद्ध केली आणि त्यांनीही खाली नोंद केली. शके १५०६, तारणनाम संवत्सर, भाद्रपद मास, कपिलाषष्ठी, प्रतिष्ठान म्हणजे पैठण, गोदातट, 'लेखनकामाठी संपूर्ण जाली'. हा 'लेखनकामाठी' शब्द जिभेवर घोळवून बघा. कामाठी म्हणजे अंगमेहनत. एवढा मोठा संत आणि कवी, पण प्रत शुद्ध करण्याला तो मेहनतीचं काम म्हणतो.

आणि काय केलं तेही सांगतो. 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध, परी पाठांतरीं शुद्धाबद्ध.' इथे पाठांतर म्हणजे आपण पाढे पाठ करतो ते नव्हे. पाठांतर म्हणजे पाठभेद. अबद्ध म्हणजे अशुद्ध. ग्रंथ मुळात शुद्धच होता, नकला होता होता पाठ बिघडले, ते शोधून ही प्रत सिद्ध केली. पुढे बजावतो की यात जो आपली ओवी घुसडेल, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. संपादनाचा इतका कडक नियम इतक्या थोड्या शब्दांत मला दुसरीकडे आढळलेला नाही.

पोथीच्या शेवटच्या या नोंदीला पुष्पिका म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की वाचून संपवलेल्या प्रत्येक पुस्तकाची वाचकानंही पुष्पिका लिहावी. त्यात आपला अभिप्राय असावाच, पण आधी आपण कोणती प्रत वाचली ते असावं.

जाता जाता, शकाचं गणित ज्यांना अडतं त्यांच्यासाठी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १५०६ अधिक ७८, १५८४. मात्र १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवायचे, कारण इंग्रजी साल बदललेलं असतं आणि शक बदललेला नसतो. माघातलं किंवा फाल्गुनातलं पुस्तक हमखास एका वर्षानं मागे नोंदलं जातं ते यामुळेच. जुन्या मराठी पुस्तकांवर 'गुढीपाडवा, शके १८८८' एवढंच छापलेलं सापडतं, तेव्हा हे गणित लागतं. पाडवा नव्या शकातला, म्हणून तिथे ७८. उत्तर १९६६.

आता माझी तक्रार. नामपृष्ठाच्या मागचं पान उघडा. तिथे पुस्तकाचा जन्मदाखला असायला हवा. पहिली आवृत्ती केव्हाची, ही कितवी, मजकुरात बदल केला की नुसतं पुनर्मुद्रण आहे, पूर्वी दुसऱ्या नावानं निघालं होतं का. कित्येक मराठी पुस्तकांत यातलं निम्मंही मिळत नाही. तेरा आकडी आयएसबीएन असतो, ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होणारा, किंमत असते, हक्क कोणाकडे तेही असतं. पण 'सातवी आवृत्ती' छापलेलं असतं आणि आत एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नसतो. ते पुनर्मुद्रण झालं, आवृत्ती नव्हे. याच्या उलटही होतं. 'पुनर्मुद्रण' असं लिहून मजकूर नव्यानं जुळवलेला असतो, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे जुने अनुस्वार काढून टाकलेले असतात, 'नाहीं'चं 'नाही' झालेलं असतं, आणि या जुळणीत दोन-चार ओळी गळालेल्या असतात. अनुस्वार काढायला माझी हरकत नाही. पण काढले हे एका वाक्यात सांगा. एकनाथांनी सांगितलं होतं.

हा हट्ट कशासाठी, ते 'माझा प्रवास'वरून सांगतो. त्याचे लेखक कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आणि मोठी दक्षिणा मिळणार असं कानावर आलं, म्हणून १८५७ साली काकांना घेऊन ते उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडात सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. बऱ्याच वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, इतिहासाचे अभ्यासक चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत मोडीत लिहून काढली. ती छापून आली १९०७ मध्ये, वैद्यांनी संपादन करून.

१९०७ साल ध्यानात घ्या. इंग्रज डोक्यावर बसलेला आणि विषय बंडाचा. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला, काही बदलला. पुढे कित्येक वर्षं मराठी वाचकानं वाचलं ते हेच पुस्तक. भारत इतिहास संशोधक मंडळात असलेल्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी मूळबरहुकूम संहिता काढली ती १९६६ मध्ये. मध्ये जवळजवळ साठ वर्षं गेली. म्हणजे एकाच नावाची दोन पुस्तकं आपल्या कपाटांत शेजारी शेजारी उभी आहेत. एक गोडसे भटजींचं आणि दुसरं गोडसे-वैद्यांचं. अनुवाद वाचणाऱ्यानं तर हे आधी विचारावं, की अनुवादकानं यातलं कोणतं पुढ्यात घेतलं होतं.

दोन्ही लागोपाठ वाचली की फरक कानाला कळतो. वैद्यांचं वाक्य पुस्तकातलं आहे, पूर्णविरामापाशी व्यवस्थित येऊन थांबणारं. भटजींचं वाक्य ओटीवर बसून सांगितल्यासारखं आहे. एक हकीकत सांगता सांगता दुसरी धरतं, मध्येच दक्षिणेचा हिशेब करतं. आणि यात मोडीचाही हात आहे. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात, 'सुत' आणि 'सूत' सारखेच. दिवस की गरीब, मुलगा की धागा, हे मागचंपुढचं वाचून वाचणारानं ठरवायचं. म्हणजे मूळबरहुकूम म्हटलं तरी शब्द कुठे तोडला आणि वाक्य कुठे संपवलं हा निर्णय कुणीतरी घेतलेलाच असतो. म्हणून संपादकाचं नाव पुष्पिकेत हवंच. सच्चिदानंदबाबांचं आहे तसं.

झाशी पडल्यानंतरचा भाग मी तीनदा वाचला. लूट दिवसादिवसानं कशी चालली ते भटजी सांगतात, आणि राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाबद्दल सांगतात. ज्या माणसाचा जीव नुकता जाता जाता वाचला आहे, तो पोथ्यांसाठी हळहळतो. स्वतः दशग्रंथींच्या, म्हणजे वेदपाठी ब्राह्मणांच्या, परंपरेत वाढलेल्या माणसाची ती हळहळ आहे, कारण नकलून घेतलेली एकेक पोथी म्हणजे किती महिन्यांची लेखनकामाठी, हे त्याला हातानं ठाऊक आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं उरली आहेत आणि पत्रिकेतली दोन पुस्तकं अजून बाकी आहेत. तेव्हा भराभर.

'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं निघालं, आणि त्या १९३६ मध्ये गेल्या. गोडसे भटजींनंतर लगेच हे वाचलं की पहिल्याच पानांवर दचकायला होतं. लक्ष्मीबाईंच्या आजोळच्या आजोबांना सत्तावन्नच्या प्रकरणात फाशी झाली, आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. इतकं, की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची. ज्या बंडात झाशीवर तोफा चालल्या त्याचेच पडसाद नाशिककडच्या एका घरात मिठाच्या भांड्यापर्यंत पोचले. १८५७ बद्दल मराठीत वाचायचं असेल तर ही दोन पुस्तकं जोडीनं वाचावीत असं मी आग्रहानं सांगेन. लक्ष्मीबाईंची वाक्यं आखूड आहेत, क्रियापदावर भार टाकणारी, आणि दुःखाच्या प्रसंगी त्या विशेषण वापरतच नाहीत. हे पुस्तक घेताना आपली प्रत संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे आधी बघा. संक्षेपात प्रसंग राहतात, पण एका प्रसंगातून दुसऱ्यात शिरण्याची त्यांची जी घरगुती रीत आहे तीच तुटते.

'ऋतुचक्र', दुर्गा भागवत, १९५६. निसर्गावरचे ललित लेख. 'वसंतहृदय चैत्र'नं सुरू होतं आणि महिन्याला एक लेख येतो. एका बैठकीत संपवू नका. त्या त्या महिन्यात तो तो लेख वाचा आणि खिडकीतून दिसणारं झाड लेखातल्या झाडाशी ताडून बघा. दुर्गाबाई रंग सांगताना 'सुंदर' म्हणून सुटका करून घेत नाहीत, रंगाच्या आतली छटा शोधतात. एक मर्यादाही जाणवली. वाक्यं इतकी भरलेली आहेत की सलग तीन लेख वाचले तर तिसऱ्यात काहीच दिसेनासं होतं. तो दोष वाचण्याच्या वेगाचा आहे.

आता पुष्पिका कशी लिहायची. पुस्तक संपल्यापासून दोन दिवसांच्या आत, कारण नंतर गोष्ट आठवते पण आपण कुठे थांबलो होतो ते आठवत नाही. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. पहिल्या ओळीत तारीख आणि गाव. दुसरीत प्रकाशन, साल, आवृत्ती की पुनर्मुद्रण, जसं छापलं असेल तसं, आणि छापलं नसेल तर 'नोंद नाही' असं लिहा. तिसरीत संपादक किंवा अनुवादक, आणि मजकूर संपूर्ण, संक्षिप्त की संपादित. चौथीत प्रतीची अवस्था. फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेला पानांचा जुडगा. तो बहुधा सोळा पानांचा असतो, म्हणून ४८ नंतर एकदम ६५ आलं तर एक फर्मा बांधणीतच राहिला असं समजा. दुकानात घेतानाच १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे जोड तपासले तर हा त्रास वाचतो. कधी फर्मा दोनदा बांधलेला असतो, आणि तेव्हा दुसरा कुठलातरी गेलेला असण्याची शक्यता मोठी.

मग अभिप्राय, सहा-सात ओळी. कथानक सांगू नका, ते पुस्तकात आहे. जिथे थांबलात त्या पानाचा आकडा, तिथला एक शब्द जसाच्या तसा, आणि का थांबलात ते. पटलं नाही तेही पानाच्या आकड्यासकट. आकडा लिहिला की अभिप्राय आपोआप नेमका होतो, कारण ते पान पुन्हा उघडून बघावं लागतं.

लिहायला शिसपेन्सिल. जेल पेनची शाई दमट हवेत फुटू शकते आणि समोरच्या पानावर उमटू शकते. कार्ड मागच्या पुठ्ठ्याशी नुसतं सरकवून ठेवा, चिकटवू नका. सेलोटेप तर नकोच. काही वर्षांत ती पिवळी पडते, पट्टी गळून जाते आणि तिचा गोंद कागदात तेलासारखा मुरतो, तो निघत नाही.

कोरी कार्डं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना दोन-दोन घ्या, आणि पुढच्या महिन्यात येताना एक भरून आणा. 'माझा प्रवास' कुणाकडे असेल तर आधी संपादकाचं नाव बघा आणि तेवढं मला आत्ताच बाहेर चहाच्या वेळी सांगा.